सोसेल ती

कारखान्यात तिला सगळ्याजणी ताई म्हणायच्या. तिच्या दुप्पट वयाच्या इस्त्रीवाल्या बायकासुद्धा. ताईचं स्वतःचं वय काही फार नव्हतं. कडेवरची लेक नुकती कुठे बसायला लागली होती. पण पाळणाघर तिच्याकडे होतं, आणि ज्या बाईच्या हातात दिवसभर आपलं मूल ठेवायचं तिला नुसत्या नावाने कशी हाक मारणार?

पाळणाघर म्हणजे शिवणखात्याच्या मागची लांबट खोली. तिला अर्धं दार. खालचा भाग कडी लावून बंद, वरचा उघडा. सकाळी भोंगा व्हायच्या आत बायका रांगेने त्या दारावरून मुलं आत द्यायच्या, आणि सुट्टी झाली की त्याच दारावरून परत घ्यायच्या. मधल्या वेळात ती सगळी ताईची. कोण पालथं झोपतं, कोणाला कानाची पाळी कुरवाळली की पेंग येते, कोण झोपेतून उठल्यावर घटकाभर कोणाशी बोलत नाही आणि तेव्हा त्याला मुळीच छेडायचं नसतं, हे तिला त्यांच्या आयांपेक्षा जास्त ठाऊक. एखाद्याला दात येत असले की हिच्या हिरड्या ठणकायच्या. गंमत नाही, खरोखर ठणकायच्या. ती दोन-दोन दिवस एकाच बाजूने चावून जेवायची.

“काळीज लोण्याचं आहे बाई तुझं,” बायका म्हणायच्या.

एकटी कात्री तेवढी म्हणायची, “लोण्याचं काय घेऊन बसलात! ऊन लागेपर्यंतच ते.”

कात्री फिनिशिंगला होती. शिवून आलेल्या कपड्यांचे लोंबते धागे कापायचे, बटणं ओढून बघायची. हातात दिवसभर छोटी कात्री आणि तोंडात मोठी, म्हणून हे नाव पडलं. नवीन आलेल्या पोरींना वाटायचं हिचं कोणाशी तरी भांडण जुंपलंय, पण ते तिचं साधं बोलणं असायचं. तिची अडीच वर्षांची मुलगी पाळणाघरात होती. गोल चेहरा आणि मधोमध चपटं नाक, म्हणून तिला सगळे बटण म्हणायचे. आईने हे नाव ऐकून तोंड वाकडं केलं होतं, पण दुसऱ्या दिवशी दारावरून मुलगी देताना ती स्वतःच म्हणाली, “घ्या तुमचं बटण.” मग रोज एवढंच: “नाक पुसलंय. ताप नाही. येते मी.” आणि पाठ वळवून तरातरा चालायला लागायची. लेकीकडे वळून बघायचीसुद्धा नाही.

कात्रीच्या शेजारी, त्याच टेबलावर, नळ बसायची. हे नाव कात्रीनेच ठेवलेलं. “काय गं, बरी आहेस ना?” एवढं विचारलं तरी तिला धार लागायची. नळ आपल्या पोराला दारावर घेऊन यायची ती सगळं घर सोबत घेऊनच. नवरा कसा बोलला, सासूने कसा टोमणा मारला, पोराने रात्री किती वेळा उठवलं, भाड्याच्या खोलीचं छत कुठे गळलं. मागे रांग ताटकळायची. ताई पोराला कडेवर घेऊन सगळं ऐकायची, मान हलवायची, आणि मधूनच तिचेही डोळे भरायचे.

“झालं का गं तुमचं दोघींचं?” मागून कात्री ओरडायची. “इथे पूर येईल.”

बायका हसायच्या. नळही हसायची, नाक ओढत.

मग मॅडम आल्या.

मॅडम वाईट नव्हत्या. कारखान्याला कामं कमी येऊ लागली होती, माणसं कमी करायची होती. आधी हे सुपरवायझर फाटकापाशी सांगायचा. सुट्टीच्या वेळी नाव पुकारायचं, उद्यापासून येऊ नका म्हणायचं, संपलं. एकदा एका इस्त्रीवालीने तापलेली इस्त्री त्याच्या पायावर टाकली. त्याचा डाग तो अजून मोजा खाली करून दाखवायचा. मॅडम शिकलेल्या, नव्या दमाच्या. त्या म्हणाल्या, माणसाला माणसासारखं सांगायला हवं. दोऱ्याच्या रिळांच्या कोठारामागे एक रिकामी खोली होती. तिथे त्यांनी तीन खुर्च्या मांडल्या, मध्ये लहान टेबल, टेबलावर कागदी रुमालांचा डबा आणि पाण्याचा ग्लास. आणि ताईला बोलावून घेतलं.

“तुम्हाला काहीच बोलायचं नाही,” मॅडम म्हणाल्या. “नुसतं शेजारी बसायचं. तुम्ही असलात की बायकांना बरं वाटतं.”

पहिल्यांदा एक इस्त्रीवाली मावशी आली. मॅडमनी हळू आवाजात सांगितलं. मावशीला आधी कळलंच नाही. कळलं तेव्हा तिने आपले हात मांडीवर उलटे ठेवले आणि त्यांच्याकडे बघत राहिली. ताईने ते हात धरले. तळवे इतके राठ झाले होते की ताईची बोटं त्यांना कळत होती की नाही कोण जाणे. ताईला हुंदका आवरेना. शेवटी मावशीनेच पदराने तिचे डोळे पुसले.

“रडू नको लेकरा,” ती म्हणाली. “अंगावर पाजतेस ना? दूध आटेल.”

आणि सही करून निघून गेली. आरडाओरडा नाही, शिव्या नाहीत. उलट जाताना ताईच्या डोक्यावरून हात फिरवून गेली.

मॅडम खिडकीपाशी उभ्या होत्या. “हे शिकून येत नाही हो,” त्या म्हणाल्या. “हे तुमच्यात आहे.”

त्या आठवड्यात पाळणाघराला नवा पंखा आला. मग गाद्या आल्या, खरोखरच्या, चिंध्या भरलेल्या नव्हेत. मुलं त्यांवर उड्या मारून मारून थकली आणि दुपारी अशी गाढ झोपली की ताई एकेकाच्या नाकाशी बोट धरून श्वास बघत होती. तिला वाटलं, एक वाईट गोष्ट होणारच आहे, मी नसले तरी होणार आहे. मी असल्याने ती जरा कमी वाईट होते, आणि इकडे पोरांना गादी मिळते. यात कोणाचं काय बिघडलं?

तिला वरचेवर बोलावणं येऊ लागलं. शिवणखात्यातून कोणालातरी घेऊन यायचं, ते कामही हळूहळू तिच्याकडेच आलं. एरवी ताई खात्यात यायची ती कडेवर पोर घेऊन: कोणाला तरी अंगावर पाजायचं असायचं, कोणाचं पोर आईसाठी हट्ट धरून बसलेलं असायचं. आता ती मोकळ्या हाताने आली की यंत्रांचा आवाज मंदावायचा. बायका मान खाली घालून शिवत राहायच्या आणि कोणाच्या पाठीशी तिची पावलं थांबतात ते ऐकायच्या. ताईला ते सहन होईना. उगाच सगळ्यांच्या पोटात गोळा कशाला? म्हणून ती तेव्हाही एखादं पोर कडेवर घेऊन जाऊ लागली. पोर बघून बाई हसायची, हात पुसून पुढे करायची, आणि मग ताई अगदी हळू, कानाशी वाकून म्हणायची, “जरा येतेस का माझ्यासोबत?”

पहिल्या पहिल्यांदा संध्याकाळी तिला घास गिळवायचा नाही. लेकीला छातीशी धरून ती भिंतीला टेकून बसून राहायची. पुढे जेवण जायला लागलं. रडू मात्र येतच होतं. फरक एवढाच झाला की आधी बाई यायची आणि मग रडू यायचं. आता कोठारामागच्या त्या खोलीत शिरलं की बाई यायच्या आधीच डोळे भरून तयार असायचे. ताईच्या हे लक्षात आलं तेव्हा तिला जरासं विचित्र वाटलं. पण अश्रू खोटे नव्हते. गरम होते, खारट होते.

एक दिवस मॅडमनी तिला एकटीलाच बसवून घेतलं.

“फिनिशिंगमधून एकजण कमी करायचीय. त्या टेबलावरच्या दोघींपैकी. कामाला दोघी सारख्याच आहेत, सुपरवायझरला विचारलं मी. आता तो म्हणतो, ती फटकळ बाई काढा. पण मला तसं नको. कोणाचं तोंड कसं आहे यावर मी नोकरी घालवणार नाही.” मॅडमनी पेन खाली ठेवलं. “तुम्ही त्यांना रोज बघता. घरचं जाणता. तुम्ही सांगा, दोघींपैकी कोण सोसेल?”

प्रश्न चांगल्या मनाने विचारलेला होता आणि ताईने तो चांगल्या मनानेच घेतला. तिने डोळे मिटले. तिला नळचं घर दिसलं. कधी न पाहिलेलं, पण रोज ऐकलेलं: गळतं छत, त्याखाली ठेवलेलं पातेलं, दारात बसलेली सासू, दिवसभर गाडी चालवून चिडून आलेला नवरा, आणि त्यात ही, नोकरी गेल्याचं सांगताना ओठ थरथरतायत. नळच्या पोटात खड्डा पडला तो ताईला आपल्या पोटात कळला.

मग तिने कात्रीचं घर बघायचा प्रयत्न केला. काही दिसेना. किती खोल्या, घरात कोण असतं, बटणाचा बाप कुठे आहे, आहे का नाही, संध्याकाळी दार कोण उघडतं, काहीच नाही. नुसती पाठ दिसली, तरातरा जाणारी. नाक पुसलंय, ताप नाही, येते मी.

“कात्री सोसेल,” ताई म्हणाली. “ती खंबीर आहे.”

नळला वाचवल्याचं तिला इतकं बरं वाटलं की परत येऊन तिने नळच्या पोराचे पटापट मुके घेतले. बटण पायाशी येऊन उभी राहिली. “मला?” तिने विचारलं. ताईने तिचाही घेतला.

दुसऱ्या दिवशी दुपारी कात्री त्या खोलीत आली. गळ्यात दोरीने बांधलेली छोटी कात्री तशीच लोंबत होती. तिने तीन खुर्च्या बघितल्या, रुमालांचा डबा बघितला, ताईचे भरलेले डोळे बघितले.

“असं होय,” ती म्हणाली आणि बसली. “बोला मॅडम. हिने तर आधीच सुरुवात केलीय.”

मॅडम बोलल्या. ताईने हात पुढे केला. कात्रीने आपला हात उचलून मांडीखाली दाबून धरला.

“का गं, तू का रडतेस?” तिने विचारलं. “रडायची पाळी माझी ना? तीसुद्धा तूच घेणार?”

“अगं, वाईट वाटतं मला...”

“वाटू दे की. पण मला पाणी द्यायचं सोडून तूच रडतेस, आणि तुझे डोळे मी पुसायचे का आता? त्या मावशीने पुसले म्हणतात. मला नाही जमायचं.” ती मॅडमकडे वळली. “एका टेबलावर दोघी आहोत. माझंच नाव का? माझ्या हातचा एक तरी कपडा परत आला का? तोंडाचं म्हणाल तर तोंड मी कामाला लावत नाही.”

“नाही नाही, तसं अजिबात नाही,” मॅडम घाईने म्हणाल्या. त्यांना खरंच वाटलं की सांगितलं तर हिला बरं वाटेल. “उलट ताईंनी तुमचं कौतुकच केलं. म्हणाल्या, तुम्ही खंबीर आहात. सोसाल.”

खोलीत पंखा नव्हता. बाहेरची यंत्रं भिंतीतून ऐकू येत होती.

कात्री हसली. तिला कोणी असं हसताना बघितलं नव्हतं, आवाज न करता. “खंबीर,” ती म्हणाली. “माझ्या घरात कोण आहे सांग बरं ताई. सांग ना. माझं सोसणं मोजलंस ना तू? मग घरात माणसं किती ते सांग.”

ताईने रुमालांचा डबा तिच्यापुढे सरकवला.

“म्हणजे मीही रोज सकाळी दाराशी उभं राहून गाऱ्हाणं गायला हवं होतं. मला बाई वाटायचं, मागे रांग असते, भोंगा होतो, लोकांचा खोळंबा कशाला.” ती बोलता बोलता थांबली. आता ती सगळं सांगेल असं ताईला वाटलं. ऐकायला ती पुढे झुकलीसुद्धा. कात्रीने ते झुकणं बघितलं आणि ओठ मिटून घेतले.

“नाही,” ती म्हणाली. “आता कशाला? आता सांगितलं तर तू अजून रडशील, आणखी काय होणार?”

तिने सही केली. गळ्यातली कात्री काढून टेबलावर ठेवली; ती कारखान्याची होती. दारापर्यंत गेली आणि वळली. पहिल्यांदाच तिचा आवाज खाली आला.

“माझं एक काम कर. बटणाला थोडे दिवस ठेवून घे. कुठे काम लागेपर्यंत. तिला घेऊन काम मागायला गेलं की लोक आधी तिच्याकडे बघतात आणि मग नाही म्हणतात. तिचा डबा मी देईन. तुला काही बघावं लागणार नाही.”

ताईने मॅडमकडे बघितलं. मॅडमनी फार दुःखाने मान हलवली. “मुलं फक्त इथल्या बायकांचीच ठेवता येतात हो. एकीला केलं की सगळ्यांना करावं लागेल.”

“मी बोलते मॅडमशी,” ताई कात्रीला म्हणाली, जणू मॅडम तिथे नव्हत्याच. “मी प्रयत्न करते हां.”

सकाळी रांग लागली तेव्हा कात्री रांगेत होती. रोजच्यासारखीच पुढून तिसरी. केस विंचरलेले, अंगावर ठेवणीतले कपडे. बटण कडेवर, तिचा डबा आईच्या हातात. मागच्यापुढच्या बायका थोड्या अंतराने उभ्या होत्या, तिचा ताप आपल्याला लागेल अशा. तिचा नंबर आला.

“नाक पुसलंय. ताप नाही,” ती म्हणाली. “एका ठिकाणी बोलावलंय. आजचा दिवस ठेव.”

बटणाने आईच्या कडेवरूनच दोन्ही हात ताईकडे टाकले. तिला ते सवयीचं होतं. ती आधी वाकायची आणि ताई मग धरायची. ताईचेही हात आपोआप वर आले. मग तिला मागे, खोलीत, गादीवर बसलेली आपली लेक दिसली. नवा पंखा तिच्या डोक्यावर फिरत होता. ही नोकरी होती म्हणून ती लेक तिच्या डोळ्यांसमोर होती. नाहीतर कुठल्या दारावरून कोणाच्या हातात द्यायची होती तिला?

“अगं, माझ्या हातात असतं तर...” ताई म्हणाली. तिचे डोळे भरून आले.

“कडी तुझ्याच हातात आहे ताई. मॅडम यायला अजून तास आहे. आणि आल्या तरी त्या इथे डोकावतात कधी? पोरं मोजायला कोण येतं?”

हे खरं होतं. कोणी येत नव्हतं.

रांगेत चुळबूळ झाली. “भोंगा होईल,” कोणीतरी म्हणालं. आणखी एक आवाज आला, “नियम सगळ्यांना सारखाच असतो बाई.” ही तीच, जिचं पोर मागच्या महिन्यात तापाने फणफणलेलं असताना ताईने नियम मोडून ठेवून घेतलं होतं. तेव्हा ती आई दारात ढसाढसा रडली होती.

नळ कात्रीच्या बरोबर मागे होती. ती खाली मान घालून रडत होती, पोराच्या टोपीवर टपटप. कात्रीने मागे वळून बघितलं.

“तू तरी बोल काहीतरी,” ती म्हणाली. “तुझं ऐकते ती.”

नळने अजून जोरात रडायला सुरुवात केली.

ताईने बटणाचे पुढे आलेले हात धरले, त्यांचे मुके घेतले, आधी एकाचा मग दुसऱ्याचा, आणि ते हळूच आईच्या गळ्यात नेऊन ठेवले. बटणाला वाटलं खेळ चाललाय. ती हसून पुन्हा ताईकडे वाकली. ताईने पुन्हा तिला मागे केलं. तिसऱ्या वेळी बटणाच्या चेहऱ्यावरचं हसू गेलं, आणि तिने असा टाहो फोडला की आतली मुलं गप्प झाली. मग आतलं एक रडायला लागलं. मग दुसरं. मग सगळी खोली, ताईच्या लेकीसकट; काय झालं ते त्यांच्यातल्या कोणालाही ठाऊक नव्हतं.

कात्रीने लेकीला खांद्यावर घेतलं. ती तरातरा गेली नाही. सावकाश गेली, रांगेतल्या एकेकीसमोरून, आणि प्रत्येकीने तिला जायला जागा करून दिली. फाटकापर्यंत बटणाचे हात तिच्या खांद्यावरून मागे पसरलेले दिसत होते.

भोंगा झाला. बायकांनी भराभर मुलं आत दिली. ताईने रडणाऱ्यांना एकेक करून शांत केलं; कोणाचा कान, कोणाची पाठ, कोणाला नुसतं जवळ बसून. हे तिला चांगलं येत होतं.

सगळ्यात शेवटी नळ राहिली होती. तिचे डोळे सुजले होते.

“बिचारी गं,” ती म्हणाली. “माझ्याने बघवेना. रात्रभर झोप नाही येणार मला आता.” तिने नाक पुसलं आणि पोराला ताईच्या हातात दिलं. मग आत डोकावून बघितलं. “ताई, बटणाची ती खिडकीजवळची गादी आता मोकळी आहे ना? आमच्याला तिकडे कोपऱ्यात फार उकडतं गं. दुपारी घामाने चिंब होतो. तुला तर माहितीच आहे.”

ताईला माहीत होतं. त्याच्या मानेवरचं घामोळं तिला स्वतःच्या मानेवर जाणवत होतं.

तिने खिडकीजवळच्या गादीवरची चादर काढली, दुसरी घातली, आणि त्याला तिथे निजवलं. वाऱ्याची झुळूक आली. पोराने दोनदा डोळे मिचकावले आणि तो लगेच झोपला.